ग्रंथसूचीतील तारीख : नोंद, रूप आणि अर्थ

१

प्रबंधाच्या अखेरीस जोडलेली ग्रंथसूची हे आपल्याकडे पुष्कळदा कारकुनी काम समजले जाते. विवेचन विद्यार्थ्याने करावयाचे, मार्गदर्शकाने तपासावयाचे आणि सूची मात्र शेवटच्या आठवड्यात कशीबशी पुरी करावयाची, असा प्रघात आहे. आता सूचीतील नोंदी संगणकाच्या माहितीफाइलीत ठेवल्या जातात आणि छापील रूप यंत्र तयार करते. त्यामुळे हे काम आपल्या हातचे उरलेच नाही, असाही समज पसरला आहे. हा समज चुकीचा आहे. यंत्र नोंदीला रूप देते. नोंदीचा अर्थ ठरविण्याची जबाबदारी नोंद करणाऱ्याकडेच राहते. प्रस्तुत लेखात अशा फाइलीतील एकाच रकान्याची, म्हणजे तारखेच्या रकान्याची, चिकित्सा करावयाची आहे. विषय लहान दिसतो. परंतु वाङ्मयेतिहासातील पौर्वापर्याचे सारे युक्तिवाद अखेर तारखांवर उभे असतात आणि तारीख चुकली की तो युक्तिवाद नकळत ढासळतो.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला यातील मूळ भेद परिचयाचा आहे. आशय एक आणि त्याची अभिव्यक्ती दुसरी. ‘१५ मार्च १८६६’, ‘मार्च १५, १८६६’, ‘१५।३।६६’ या तीन अभिव्यक्ती आहेत. त्यांनी दर्शविलेला दिवस एकच आहे. छापील सूचीत आपण अभिव्यक्ती लिहितो, माहितीफाइलीत मात्र आशय लिहावयाचा असतो. फाइल तपासताना जे दोष आढळतात, त्यांतील बहुतेकांचे मूळ हा भेद न पाळण्यात आहे.

२

या फाइलींचा इतिहास थोडक्यात पाहणे उपयोगी आहे. लेझ्ली लॅम्पोर्ट यांच्या लाटेक या मुद्रणप्रणालीला जोड म्हणून ओरेन पटाश्निक यांनी १९८५ च्या सुमारास बिबटेक ही सूचीकरणाची व्यवस्था सिद्ध केली. तीत वर्षाचा आणि महिन्याचा असे दोन स्वतंत्र रकाने होते. वर्षाच्या रकान्यात साधारणतः चार अंक असावेत अशी अपेक्षा होती. पण शेवटची चार अक्षरे अंक असली म्हणजे ‘सुमारे १९८४’ यासारखा मजकूरही प्रचलित शैलींना चालत असे. महिना लिहिताना इंग्रजी नावाची पहिली तीन अक्षरे अवतरणचिन्हांवाचून लिहावयाची, म्हणजे महिन्याचे नाव कसे छापावे हे ज्या त्या शैलीला ठरविता येई. आशय आणि अभिव्यक्ती यांची फारकत येथे सुरू झाली, परंतु ती अर्धवट राहिली. वर्ष हे अद्याप मजकूरच होते. त्याला मूल्य प्राप्त झाले नव्हते.

पुढे फिलिप लेमन यांनी सुरू केलेल्या बिबलाटेक या प्रणालीत वर्ष, महिना आणि दिवस यांचा मिळून एकच तारखेचा रकाना आला, आणि तो वाचण्याचे काम बायबर या साहाय्यक कार्यक्रमाकडे सोपविण्यात आले. हा रकाना आंतरराष्ट्रीय मानक क्रमांक ८६०१ च्या पद्धतीने लिहावयाचा असतो. आधी चार अंकी वर्ष, मग दोन अंकी महिना, मग दोन अंकी दिवस, मध्ये आडव्या रेघा, म्हणजे १८६६-०३-१५. कालखंड असेल तर दोन तारखांमध्ये तिरपी रेघ द्यावयाची. येथे देवनागरी अंक मुद्रणाच्या सोयीसाठी वापरले आहेत. फाइलीत हे अंक आंतरराष्ट्रीय अंकांतच लिहावेत, कारण मानकाला तेच अभिप्रेत आहेत. छापताना ते देवनागरीत आणणे, महिन्याला ‘मार्च’ म्हणणे किंवा दिवस आधी लिहिणे ही पुढील पायरी आहे आणि ती शैलीच्या अखत्यारीत येते.

ही शिस्त अनेकांना जाचक वाटते. दिवस आधी लिहिण्याची आपली सवय सोडून वर्ष आधी का लिहावे, असा प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर असे की, मोठ्या एककाकडून लहान एककाकडे जाणारा क्रमच अक्षरानुक्रमे लावला असता कालानुक्रमही देतो. शिवाय ५।३ हे पाच मार्च की तीन मे, ही शंका त्यात उद्भवत नाही. मुद्दा सवयीचा नसून संदिग्धता टाळण्याचा आहे.

३

आता दोषांकडे वळू. सर्वांत घातक दोष असा की जो दिसत नाही. मराठी नियतकालिकांच्या खंडांचा उल्लेख आपण जोडवर्षाने करतो : १८८८-८९, १९०५-०६, १९१२-१३. ही आपली रूढ आणि निर्दोष अभिव्यक्ती आहे. तीच जशीच्या तशी तारखेच्या रकान्यात उतरली म्हणजे काय होते ते पाहावे. ‘१८८८-८९’ मधील ८९ हा महिना असू शकत नाही, म्हणून बायबर इशारा देतो आणि ती तारीख सोडून देतो; छापील सूचीत ग्रंथ बिनतारखेचा होतो. हा दोष निदान लक्षात तरी येतो. परंतु ‘१९०५-०६’ मध्ये यंत्राला काहीच वावगे दिसत नाही. ते त्याचा अर्थ जून १९०५ असा करते आणि एक शब्दही न बोलता तसे छापते. ‘१९११-१२’ हा त्याच न्यायाने डिसेंबर १९११ ठरतो. विसाव्या शतकाच्या आरंभीची वर्षे, म्हणजे १९०१-०२ पासून १९११-१२ पर्यंतची, अशी नेमकी या सापळ्यात सापडतात. आणि आधुनिक मराठी कवितेच्या अभ्यासकाला हीच वर्षे वारंवार लागतात.

याचा परिणाम कल्पनेने पडताळून पाहता येतो. केशवसुतांचे निधन ७ नोव्हेंबर १९०५ रोजी झाले. समजा, त्यांची एखादी कविता त्यांच्या मृत्यूनंतर १९०६ च्या आरंभी एका मासिकात आली आणि विद्यार्थ्याने खंडाचे जोडवर्ष तसेच फाइलीत लिहिले. यंत्राने केलेल्या सूचीत ती जून १९०५ मधील, म्हणजे कवीच्या हयातीत प्रसिद्ध झालेली, कविता ठरेल. पाठ कवीने स्वतः पाहिला होता की नाही, हा पाठचिकित्सेतील पहिला प्रश्न. त्याचे उत्तर येथे एका आडव्या रेघेने फिरविले गेले. संपूर्ण खंडाची नोंद असेल तर ती १९०५/१९०६ अशी तिरप्या रेघेने आणि दोन्ही वर्षे पूर्ण लिहून करावी. एकाच अंकातील लेखाची असेल तर अंकाचा महिना शोधून तो लिहावा. तिरपी रेघ देऊनही दुसरे वर्ष दोनच अंकांत लिहिले, तर नोंद पुन्हा सदोष होते.

याच जातीचा दुसरा दोष म्हणजे दिवाळी अंक. त्याला कोणी ऑक्टोबर म्हणतो, कोणी नोव्हेंबर, तर कोणी शरद ऋतू. मानकात ऋतूंसाठी २१ ते २४ हे अंक महिन्याच्या जागी योजिले आहेत. पण दिवाळी हा ऋतू नव्हे आणि ती नेमक्या एका इंग्रजी महिन्यातही येत नाही. अशा वेळी तारखेच्या रकान्यात केवळ वर्ष लिहावे आणि ‘दिवाळी’ हा शब्द अंकाच्या नावासाठी असलेल्या रकान्यात घालावा. बिबलाटेकमध्ये तो रकाना याच कामासाठी आहे.

४

मराठी सूचीकाराची खरी परीक्षा शकात आहे. एकोणिसाव्या शतकातील कितीतरी पुस्तकांवर आणि हस्तलिखितांवर काळ शकाने दिलेला असतो. त्यात ७८ मिळविले की इसवी सन आला, असे शालेय गणित आपण करतो. ते अर्धसत्य आहे. चैत्र शुद्ध प्रतिपदेपासून ३१ डिसेंबरपर्यंत ७८ मिळवावे लागतात. १ जानेवारीपासून फाल्गुन अमावास्येपर्यंत ७९ मिळवावे लागतात. पौष, माघ आणि फाल्गुन हे महिने म्हणून विशेष जपून हाताळावे लागतात.

याचे भाषाभ्यासकाला जिव्हाळ्याचे उदाहरण म्हणजे उद्द्योतनसूरीची ‘कुवलयमाला’. देशोदेशींच्या लोकांच्या बोलींचे मासले देताना मरहट्टांच्या बोलीचाही मासला देणारा हा ग्रंथ मराठीच्या प्राचीनत्वाच्या चर्चेत नेहमी पुढे येतो. ग्रंथकाराने तो शके ७०० संपण्यास एक दिवस उरला असताना पुरा केला, असे सांगितले आहे. म्हणजे वर्षाचा अखेरचा भाग, म्हणजे ७९ ची मिळवणी, म्हणजे इ. स. ७७९. तरीही ७७८ हा आकडा आपल्या पुस्तकांतून फिरत राहतो. ग्रंथकाराने दिलेला दिवस आपण वाचला नाही, केवळ वर्ष वाचले, एवढाच त्याचा अर्थ. फाइलीत हे वर्ष चार अंकी, म्हणजे ०७७९ असे, लिहावे लागते. तीन अंकी वर्ष मानकाला मान्य नाही.

दुसरे उदाहरण कोकणातील, आणि ते अधिक बोधप्रद आहे. गणपतीपुळ्यापासून अगदी जवळ असलेले मालगुंड हे केशवसुतांचे जन्मगाव. तेथे १९९४ मध्ये त्यांचे स्मारक उभे राहिले. ज्या कवीपासून आपण आधुनिक मराठी कवितेचा काळ मोजतो, त्या कवीची जन्मतारीख मात्र दोन प्रकारे दिली जाते : कोठे १५ मार्च १८६६, तर कोठे ७ ऑक्टोबर १८६६. दोहोंत वर्ष एकच असल्यामुळे, सूचीकाराने केवळ ‘१८६६’ लिहिले तर वाद आपोआप मिटतो असे वाटेल. इसवी सनापुरते ते खरे आहे. परंतु याच दोन तारखा पंचांगात नेऊन पाहाव्या. १५ मार्च हा दिवस शके १७८७ च्या फाल्गुनाच्या अगदी अखेरीस येतो. ७ ऑक्टोबर हा शके १७८८ मधील दिवस आहे. म्हणजे इसवी सनात जो वाद वर्षाच्या पोटात दडून राहतो, तोच शकात दोन वेगळ्या वर्षांचा वाद होतो. आणि शके १७८७ मध्ये कोणी यांत्रिकपणे ७८ मिळविले तर १८६५ हे तिसरेच वर्ष जन्माला येते, ज्याला कोणत्याही पक्षाचा आधार नाही.

यातून एक तत्त्व निघते. तारखेची सूक्ष्मता कमी करणे हे तटस्थ कृत्य नाही. ते एका विशिष्ट कालगणनेच्या चौकटीत केलेले विधान आहे. म्हणून शकात मिळालेली तारीख रूपांतरित करून लिहिताना मूळ शक, महिना आणि तिथी टीपेच्या रकान्यात जशीच्या तशी ठेवली पाहिजे. रूपांतर हा आपला तर्क असतो. मूळ उल्लेख हा पुरावा असतो. तर्क ठेवून पुरावा टाकून देणारी सूची संशोधनाच्या कामाची नाही.

केवळ शक दिलेला असेल आणि महिना नसेल, तर काय करावे? पुष्कळ जण अशा वेळी १८६६/१८६७ असे लिहितात. हेतू चांगला आहे, पण मानकात तिरप्या रेघेचा अर्थ ‘यांपैकी एक’ असा नसून ‘येथपासून तेथपर्यंत’ असा आहे. पुस्तक दोन वर्षे प्रसिद्ध होत राहिले, असे त्यातून सूचित होते. त्यापेक्षा शकाचा मोठा भाग ज्या इसवी सनात पडतो ते पहिले वर्ष लिहून त्याला संशयचिन्ह जोडणे आणि शक टीपेत देणे, हे अधिक प्रामाणिक होय.

५

संशयचिन्हाचा उल्लेख आला, त्यासंबंधी थोडे अधिक सांगितले पाहिजे. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या पुढाकाराने विकसित झालेला तारखांचा विस्तारित आराखडा २०१९ मध्ये मानक क्रमांक ८६०१ च्या दुसऱ्या भागात समाविष्ट झाला, आणि त्याची पहिली पातळी बिबलाटेकने स्वीकारली आहे. तीत वर्षापुढे प्रश्नचिन्ह लावले तर तारीख संशयित, लाटेसारखी वळणदार रेघ लावली तर तारीख अदमासे, आणि टक्क्याचे चिन्ह लावले तर ती संशयितही व अदमासेही, असा अर्थ होतो. दशकच ठाऊक असेल तर शेवटच्या अंकाच्या जागी, शतकच ठाऊक असेल तर शेवटच्या दोन अंकांच्या जागी एक्स हे इंग्रजी अक्षर घालावयाचे असते.

विद्यार्थी यांतील पहिली दोन चिन्हे सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. वास्तविक मराठीत हा भेद स्पष्ट आहे. ‘बहुधा १८७४’ आणि ‘सुमारे १८७४’ ही दोन वाक्ये आपण कधी एक मानणार नाही. पहिल्यात विशिष्ट वर्षाबद्दलचे विधान आहे, ते खरे किंवा खोटे ठरू शकते. शंका पुराव्याच्या विश्वसनीयतेविषयी आहे. दुसऱ्यात त्या वर्षाच्या आसपासचा काळ सांगितला आहे. पुस्तक १८७३ चे निघाले तरी विधान खोटे पडत नाही. मुखपृष्ठ फाटलेल्या पुस्तकावर कोणी शिसपेन्सिलीने वर्ष लिहून ठेवले असेल तर प्रश्नचिन्ह. कागद, टाइप आणि जाहिराती पाहून आपण स्वतः काळ ठरविला असेल तर वळणदार रेघ. आपल्या भाषेने जो विवेक आधीच केलेला आहे, तो चिन्हांत उतरविण्याइतकेच हे काम आहे.

वर्ष मुळीच ठाऊक नसेल तर रकाना रिकामा ठेवावा. त्यात ‘वर्ष नाही’, ‘अनुपलब्ध’ किंवा चार शून्ये लिहू नयेत. जुन्या वर्षाच्या रकान्यात असा मजकूर लिहिला तर तो छापला जाईल हे खरे. पण कालक्रम लावताना तो नोंदीला भलत्याच ठिकाणी नेऊन बसवील. तारीख नसल्याचे सांगणारा शब्द शैली स्वतः घालते. रिकामा रकाना हेही एक विधान आहे, आणि ते खोट्या आकड्यापेक्षा अधिक मोलाचे आहे.

६

तारीख कोणत्या घटनेची, हा प्रश्न याहूनही मूलभूत आहे. कवितेला निदान तीन तारखा असतात : रचनेची, प्रथम प्रसिद्धीची आणि संग्रहातील समावेशाची. केशवसुतांची ‘तुतारी’ १८९३ मधील आहे असे आपण म्हणतो तेव्हा रचनेचे वर्ष सांगत असतो. त्यांच्या कविता ‘करमणूक’, ‘काव्यरत्नावली’, ‘मनोरंजन’ अशा नियतकालिकांच्या काळात लिहिल्या गेल्या. त्यांचा संग्रह मात्र हरि नारायण आपटे यांच्या पुढाकाराने, कवीच्या मृत्यूस दहा वर्षे उलटून गेल्यावर निघाला. आज विद्यार्थ्याच्या हाती असते ती एखादी अलीकडील आवृत्ती. त्याने त्या आवृत्तीचे वर्ष तारखेच्या रकान्यात लिहिले, तर लेखक-वर्ष पद्धतीच्या संदर्भात केशवसुत आपल्या समकालीनांच्या शेजारी दिसतात. त्याऐवजी १८९३ लिहिले, तर त्याने दिलेला पृष्ठक्रमांक निराधार होतो, कारण त्या वर्षी ते पृष्ठ अस्तित्वातच नव्हते.

यावर तोड म्हणजे दोन रकाने वापरणे. हाती असलेल्या आवृत्तीचे वर्ष मुख्य रकान्यात आणि पहिल्या प्रकाशनाचे वर्ष मूळ तारखेच्या रकान्यात लिहावे. मात्र हा दुसरा रकाना प्रथम प्रकाशनासाठी आहे, रचनेसाठी नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. रचनाकाल टीपेत द्यावा. संकेतस्थळ पाहिल्याच्या दिवसासाठी आणि परिषदेच्या दिवसासाठीही वेगळे रकाने आहेत. त्यांची सरमिसळ होऊ नये.

७

येथवर नोंद करणाऱ्याचे दोष दाखविले. मानकाचेही दाखविले पाहिजेत, नाहीतर टीका एकांगी होईल. मानकाची कालगणना ग्रेगरी पद्धतीची आहे, आणि ती भूतकाळातही तशीच मागे ताणलेली आहे. इतिहासाच्या साधनांना हे मानवत नाही. शिवाजी महाराजांची जन्मतिथी जेधे शकावलीप्रमाणे फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही आहे. तिची १९ फेब्रुवारी १६३० ही प्रचलित तारीख जूलियन गणनेची आहे. ग्रेगरी गणनेने ती १ मार्च १६३० होते. राजापूरच्या इंग्रज वखारीतील पत्रव्यवहाराला हीच अडचण आहे, कारण इंग्लंडने नवी गणना १७५२ मध्ये स्वीकारली. शिवाय तोवर त्यांचे वर्ष २५ मार्चला बदलत असे, म्हणून जानेवारी ते मार्चमधील पत्रांवर जोडवर्ष घालण्याची पद्धत पडली. बिबलाटेकमध्ये जूलियन तारखांसाठी पर्याय आहे. पण नवी गणना १५८२ मध्ये सुरू झाली असे तो गृहीत धरतो. इंग्रजी साधनांसाठी ती सीमा स्वतः बदलून घ्यावी लागते.

शक, सुहूर सन, संवत यांना मानकात स्थानच नाही. १९५७ पासून चालू असलेल्या भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिकेलाही नाही, आणि शासकीय राजपत्रावर तर ती छापलेली असते. त्या दिनदर्शिकेतील चैत्र हा सौर आहे. तो २२ मार्चला, लीप वर्षी २१ मार्चला, सुरू होतो. गुढीपाडव्याच्या चैत्राशी त्याचे केवळ नावाचे साम्य आहे. नावावरून फसून केलेली रूपांतरेही पाहण्यात येतात. केशवसुतांच्या जन्मतारखेसारखा ‘या दोहोंपैकी एक’ असा पर्याय मांडण्याची सोय मानकाच्या दुसऱ्या पातळीत चौकोनी कंसांनी केली आहे. परंतु ती पातळी बिबलाटेक वाचत नाही. म्हणजे नेमका जो वाद अभ्यासकाला नोंदवावासा वाटतो, तो रकान्यात मावत नाही. तेथे टीप हाच आधार.

यावरून मानक टाकून द्यावे असा निष्कर्ष मात्र निघत नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ आणि पुढे १९३८ ते १९५० या काळातील मराठी ग्रंथांची सूची केली, तेव्हा त्यांच्या हाताशी असे कोणतेही साधन नव्हते. प्रत्येक नोंदीमागे ग्रंथ पाहणाऱ्याचा विवेक होता आणि ते काम आजही आपल्याला आधारभूत वाटते. आज साधन आले आहे. ते विवेकाची जागा घेत नाही, विवेक कोठे वापरला हे दाखविण्याची सोय करते. म्हणून विभागातील विद्यार्थ्यांना एवढेच सुचवावेसे वाटते. मूळ उल्लेख जसा असेल तसा टीपेत ठेवावा. रकान्यात मानकाप्रमाणे मूल्य लिहावे. जितके ठाऊक आहे तितकेच सूक्ष्म लिहावे. संशय आणि अदमास यांत भेद करावा. आणि यंत्राने दिलेला प्रत्येक इशारा वाचावा. सूची छापून आल्यावर १९०१ ते १९१२ या वर्षांच्या नोंदी एकदा मूळ अंकांशी ताडून पाहाव्या, कारण तेथे यंत्र इशारा देत नाही. प्रबंध तपासणाऱ्यांनीही विवेचनाइतकीच ही फाइल मागवून पाहिली तर बरे. प्रबंधातील मते पुढे बदलतील. पण त्यातील तारखा पुढील अभ्यासक विश्वासाने उचलून घेतील.